मॉरिशसमध्ये कॅटामरानचा एक दिवस: पुण्यात बसून नियोजन कसं करावं

मॉरिशसचं पॅकेज घेणाऱ्या पुणेकर कुटुंबांच्या यादीत कॅटामरानचा, म्हणजे दोन सांगाड्यांच्या बोटीतल्या सफरीचा, दिवस हमखास असतो. पण टूरवाल्याच्या कागदावर त्याची एकच ओळ असते: ‘फुल डे कॅटामरान क्रूझ, लंच आणि ड्रिंक्ससह’. बोट बेटाच्या कोणत्या बाजूने निघणार, समुद्र शांत असेल की खवळलेला, शाकाहारी माणसाला काय मिळणार, गुडघे दुखणाऱ्या आजींना बोटीत चढता येईल का, यातलं त्या ओळीत काहीच नसतं. आम्ही तीन पिढ्या मिळून गेलो होतो, त्यामुळे हे सगळे प्रश्न मला निघण्याआधीच विचारावे लागले. तेव्हापासून सोसायटीतलं कुणी मॉरिशसला निघालं की फोन येतो. म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवतेय. सगळ्यांना मी एकच क्रम सांगते: आधी मार्ग ठरवा, मग बोट ठरवा, पैसे सगळ्यात शेवटी भरा. बहुतेक जण आधी किंमत बघतात आणि पुढचं सगळं तिथेच बिघडतं.

१. आधी महिना बघा

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे ऋतू आपल्या उलट. मे ते ऑक्टोबर तिथला हिवाळा, नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा. हिवाळा म्हणजे स्वेटर नव्हे. हवा छान असते, पाणी मात्र गार लागतं. या दिवसांत आग्नेयेकडून वारे वाहतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचा जोर वाढतो. त्याचा मार पूर्व किनाऱ्याला जास्त बसतो. पश्चिम आणि उत्तर किनारा वाऱ्याच्या आडोशाला असल्याने तुलनेने निवांत.

चक्रीवादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल, त्यातही जानेवारी ते मार्च जास्त जपून. या महिन्यांत स्वस्त पॅकेज मिळतात ती त्यामुळेच. दिवाळीची सुट्टी माझ्या मते सर्वांत उत्तम: वारा उतरलेला, पाणी कोमट होत आलेलं. मे महिनाही चांगला. पुण्यात अंगाची लाही होत असताना तिथे हिवाळ्याची सुरुवात असते.

सहलीतला दिवस निवडताना दोन गोष्टी पाळा. कॅटामरान शेवटच्या दिवशी ठेवू नका, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा. हवा बिघडली तर पुढे ढकलायला जागा राहते. आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळा. सुट्टीच्या दिवशी स्थानिक कुटुंबंही त्याच बेटांवर जातात आणि किनाऱ्यावर चटई टाकायला जागा शोधावी लागते.

२. मार्ग: सगळ्यात महत्त्वाचा निर्णय

बेटाभोवती सुमारे १५० किलोमीटर लांबीची प्रवाळांची कडा आहे. मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात आणि कडेच्या आत उथळ, शांत, हिरवट-निळं पाणी राहतं. त्याला तिथे सगळे लगून म्हणतात. तुमची बोट लगूनच्या आत राहणार की कडा ओलांडून खुल्या समुद्रात जाणार, यावर तुमचा दिवस ठरतो. हे एजंटला थेट विचारा. मुख्य मार्ग तीन.

पूर्व: इल ओ सेर्फ. बोटी बहुतेक त्रू दो दूस या गावातून किंवा त्याच्या आसपासून निघतात. प्रवास जवळजवळ सगळा लगूनमध्ये. वाटेत ग्राँ रिव्हिएर सूद एस्त नदीच्या मुखाजवळचा धबधबा दाखवतात. अनेकदा तिथपर्यंत छोट्या स्पीडबोटीतून नेतात. तो धबधबा छोटा आहे. लोणावळ्याचा पावसाळा पाहिलेल्या माणसाने फार अपेक्षा ठेवू नये. खरी मजा बेटावरच्या पांढऱ्या वाळूची आणि कमरेएवढ्या पाण्याची. लहान मुलं, पोहता न येणारी मंडळी आणि ज्येष्ठ सोबत असतील तर डोळे मिटून हा मार्ग घ्या. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये वाऱ्याचा विचार करा.

पश्चिम: इल ओ बेनितिए. बोटी ब्लॅक रिव्हर भागातून निघतात. समोर ल मोर्नचा डोंगर उभा असतो. पळून आलेले गुलाम या डोंगराच्या आसऱ्याला राहत. २००८ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. लगूनमधून वर आलेला क्रिस्टल रॉक नावाचा प्रवाळाचा खडकही याच वाटेवर. त्याच्यावर चढू नका, फोटो लांबूनच सुंदर येतो. हिवाळ्यात वारा टाळायचा असेल तर हा मार्ग बरा.

इथे दोन गैरसमज असतात. पहिला डॉल्फिनचा. तामारिनच्या खाडीत डॉल्फिन सकाळी दिसतात, कारण रात्रभर खोल पाण्यात शिकार करून ते दिवसा उथळ पाण्यात विसावतात. त्यांना पाहायला स्पीडबोटी अगदी पहाटे निघतात. नऊ-साडेनऊला निघणाऱ्या कॅटामरानच्या जाहिरातीत डॉल्फिनचा फोटो असेल तर ‘दिसले तर दिसले’ असं समजा. आणि दिसलेच तर बोटीने त्यांचा पाठलाग करायचा आग्रह कप्तानाला करू नका. त्यांची ती झोपेची वेळ असते.

दुसरा गैरसमज ‘पाण्याखालच्या धबधब्याचा’. ल मोर्नजवळचं ते प्रसिद्ध दृश्य म्हणजे कडेवरून खोल पाण्यात घसरणारी वाळू आणि गाळ यांचा दृष्टिभ्रम. तो फक्त आकाशातून दिसतो, हेलिकॉप्टर किंवा सीप्लेनमधून. बोटीतून तो दाखवतो म्हणणाऱ्या माणसाकडे बुकिंग करू नका.

उत्तर: इल प्लात आणि इलो गाब्रिएल. बोटी ग्राँ बे गावातून निघतात. वाटेत कोअँ द मीर हा पाण्यातून तिरका वर आलेला कडा लागतो. स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे मास्क लावून नळीतून श्वास घेत पाण्याखालचं बघण्यासाठी, पाणी इथे मला सगळ्यात आवडलं. पण इथे प्रवाळांची कडा ओलांडून खुला समुद्र पार करावा लागतो आणि बोट चांगलीच हलते. वरंध किंवा ताम्हिणी घाटात ज्याला खिडकीपाशी बसवावं लागतं, त्याला या मार्गावर नेऊ नका. तरुण मंडळी, पोहणारी जोडपी यांनी जरूर जावं.

मार्ग ठरला की हॉटेलपासूनचं अंतर पाहा. बेट लहान आहे, उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर. तरी पश्चिमेच्या फ्लिक आँ फ्लाकमधून पूर्वेच्या त्रू दो दूसला पोचायला तासाहून जास्त लागतो. वेळेचा फरक आपल्या बाजूने आहे: मॉरिशस भारताच्या दीड तास मागे. तिथला सकाळी साडेसातचा पिकअप आपल्या शरीराला नऊचा वाटतो.

३. सामायिक बोट की स्वतंत्र?

चार जणांच्या कुटुंबाला सामायिक बोट पुरते. दहा-बारा जण असाल तर स्वतंत्र बोटीचा भाव नक्की विचारा. माणशी फरक वाटतो तेवढा राहत नाही, आणि वेळ व जेवण तुमच्या मनासारखं होतं. सामायिक बोट घेताना दोनच गोष्टी विचारा: बोटीची परवानगी किती माणसांची आहे आणि त्या दिवशी किती घेणार आहात. बोटीच्या पुढच्या टोकाला ताणलेल्या जाळीवर पडून राहण्याचं सुख बोट भरगच्च असली की मिळत नाही.

४. ‘सगळं समाविष्ट’मध्ये नक्की काय, ते लिहून घ्या

फोनवर सगळे ‘हो हो, ऑल इन्क्लुडेड’ म्हणतात. तुम्ही व्हॉट्सअॅपवर एक संदेश पाठवा आणि प्रत्येक ओळीचं उत्तर लेखी मागा. मी पाठवलेला संदेश साधारण असा होता, तुम्ही इंग्रजीत करून पाठवा:

- हॉटेल ते जेटी आणि परत, गाडी धरून किंमत आहे का? कोणत्या हॉटेलपासून?
- १५ टक्के व्हॅट धरला आहे का?
- स्नॉर्केलचा मास्क आणि नळी मोफत आहे का? फिन्सही (पायात घालायचे पंख) मिळतात का?
- मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का? (वय आणि वजन कळवा.)
- बोटीत जेटीवरून थेट चढायचं की पाण्यातून चालत किंवा छोट्या होडीतून?
- जेवण बोटीवर की किनाऱ्यावर? शाकाहारी काय काय?
- कोणती पेयं धरलेली आहेत आणि किती वाजेपर्यंत मिळतात?
- धबधब्याची स्पीडबोट धरलेली आहे की वेगळे पैसे?
- हवा खराब असल्यास पैसे परत की फक्त तारीख बदलून?

यातला चढण्याचा प्रश्न कुणीच विचारत नाही, आणि घरातल्या ज्येष्ठांसाठी तोच सगळ्यात मोठा. काही ठिकाणी गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन शिडीने चढावं लागतं. माझ्या सासूबाईंचे गुडघे तसे नव्हते, म्हणून आम्ही जेटीवरून थेट चढता येईल अशीच बोट शोधली आणि त्या दिवसभर आनंदात होत्या. एकदा चढलं की कॅटामरान ज्येष्ठांना सोयीची असते. दोन सांगाडे असल्याने ती साध्या बोटीसारखी एका बाजूला कलत नाही.

पॅरासेलिंग, समुद्राच्या तळावर चालणं, ट्यूब राइड हे जवळजवळ कधीच समाविष्ट नसतं. वाटेत तरंगत्या फळीवर थांबवून ‘आत्ताच करा’ म्हणतात. करायचं असेल तर भाव हॉटेलवरूनच विचारून ठेवा आणि घरच्यांचा निर्णय आदल्या रात्री करून टाका.

५. जेवण: शाकाहारी, जैन आणि उपवासवाले

बोटीवरचं जेवण म्हणजे बार्बेक्यू: मासे, कोंबडी, सॉसेज, सोबत कोशिंबिरी, पाव, कधी भात. पेयांत स्थानिक रम, बिअर, वाइन, सरबतं. मांसाहारी माणसाची चंगळ.

शाकाहाऱ्यांनी बुकिंगच्या वेळी सांगितलं नाही, तर पाव आणि काकडीवर दिवस काढावा लागतो. सांगितलं तर मात्र मंडळी मनापासून करतात. तिथली जवळपास निम्मी लोकसंख्या हिंदू आहे, शाकाहार त्यांना समजावून सांगावा लागत नाही. समजावून सांगावं लागतं ते भाजायच्या जाळीचं. बोटीवर शेगडी एकच असते. भाज्या आणि पनीर फॉइलमध्ये गुंडाळून किंवा मांस ठेवण्याआधी भाजून द्या, असं सांगा. चिमटा वेगळा मागा. कोबीच्या कोशिंबिरीत बहुधा मेयोनीज असतं आणि त्यात अंडं. अंडं न खाणाऱ्यांनी तेही आधी सांगावं. खलाशी आपसात क्रिओल बोलतात, फ्रेंच सगळ्यांना कळतं. ‘सां व्यांद, सां प्वासों’ म्हणजे मांस नको, मासे नको. एवढं जेवणाच्या वेळी पुन्हा म्हटलं की काम होतं.

जैन मंडळींनी कांदा-लसूण-बटाटा वगळून वेगळा डबा हॉटेलातूनच घ्यावा. बोटीवर ते जमवणं अवघड.

आणि कालनिर्णय बघूनच दिवस ठरवा. संकष्टी किंवा एकादशी त्या दिवशी आली तर बोटीवर फळांपलीकडे काही मिळणार नाही. राजगिऱ्याचे लाडू, सीलबंद चिक्की पुण्यातून न्या. ताजी फळं, रोपं, बिया मात्र नेऊ नका. तिथे त्यांच्यावर कडक नियम आहेत.

६. बुकिंग आणि पैसे

मार्ग तीन: पुण्यातल्या टूरवाल्याच्या पॅकेजमध्ये, ऑनलाइन थेट बोटवाल्याकडे, किंवा तिथे पोचल्यावर हॉटेलच्या डेस्कवर. गर्दीच्या दिवसांत, म्हणजे दिवाळी आणि नाताळात, थेट बोटवाल्याकडे आधीच करा. त्याच्याकडे मॉरिशसच्या टुरिझम अथॉरिटीचा परवाना आहे का ते विचारा. किनाऱ्यावर फिरून ‘स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याकडे पावती आणि परवाना दोन्ही मागा. दोन्हीपैकी एक नसेल तर पुढे चला. पाण्यात काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

पूर्ण रक्कम आधी भरू नका, थोडी अनामत द्या. भारतातून परदेशाचं पॅकेज घेताना टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आधीच वसूल करायचा कर, कापला जातो. टूरवाल्याला पॅन द्या आणि ती रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात हिशेबात घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे सुरू झालं आहे, पण बोटीवर आणि किनाऱ्यावर रोख मॉरिशियन रुपयेच उपयोगी पडतात. भाव ऐकताना तो ‘रुपया’ त्यांचा की आपला, हे विचारा. काही बोटवाले युरोतही भाव सांगतात.

हवेबाबत: चक्रीवादळाच्या इशाऱ्याचे तिथे चार वर्ग असतात, आणि वादळ नसतानाही मोठ्या लाटांचा इशारा आला की बोटी थांबतात. त्या दिवशी वाद घालण्यात अर्थ नाही. चौथ्या पायरीतलं शेवटचं उत्तर लेखी घेतलेलं असेल तर मोबाइल पुढे करा.

७. कागदपत्रं

भारतीय पारपत्रावर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. उतरल्यावर विनामूल्य मिळतो. हे जवळ ठेवा:

- पारपत्र, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेलं
- परतीचं तिकीट
- सगळ्या दिवसांचं हॉटेलचं आरक्षण
- प्रवासाआधी ऑनलाइन भरायच्या अर्जाची प्रत
- प्रवास विमा
- औषधांची चिठ्ठी, इंग्रजीत, डॉक्टरांच्या शिक्क्यासह
- बोटीच्या बुकिंगची पावती

पंधरा वर्षांखालच्या मुलांचं पारपत्र पाच वर्षांचंच असतं हे अनेक पालकांच्या लक्षात राहत नाही. तिकीट काढण्याआधी तारीख बघा. नूतनीकरण असेल तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ सुट्ट्यांच्या तोंडावर लांबची मिळते.

विम्यात ‘वॉटर स्पोर्ट्स’ वगळलेले आहेत का ते पॉलिसीत वाचा. औषधांबाबत मॉरिशसची कस्टम कडक आहे. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रॅमॅडॉल, झोपेच्या गोळ्या यांच्या बाबतीत डॉक्टरांशी बोला आणि नियम पाहूनच न्या.

८. पुण्यातून करायची तयारी

सामान कमी, पण नेमकं:

- पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे
- रबरी तळाचे पाण्यातले बूट
- झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन
- हनुवटीखाली दोरी असलेली टोपी
- मोबाइलची तरंगणारी पिशवी
- लवकर वाळणारा पंचा आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड
- आलेपाक

बुटांवर मी ठाम आहे. उथळ पाण्यात समुद्री साळिंदरं असतात आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही. अनवाणी चालू नका.

उन्हाकडे दुर्लक्ष होतं, कारण वारा असतो आणि उकडत नाही. दिवाळी-नाताळात तिथला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि पाण्यावरून परावर्तित झालेलं ऊन सावलीत बसलेल्यालाही भाजतं. सनस्क्रीन निघण्याआधी हॉटेलवरच लावा, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. मुलांची पोटरी, कानांमागची जागा आणि केसांचा भांग विसरू नका.

मळमळणाऱ्यांनी अवोमीनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, बोट निघण्याआधी घ्यायची. बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी उशिरा पडते. तिने झोप येते, म्हणून तिच्यावर दारू नको.

स्नॉर्केलचा सराव पुण्यातच करा, हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. टिळक तलावात वर्षानुवर्षं पोहणारी माणसंही समुद्रात पहिल्यांदा नळीतून श्वास घेताना गडबडतात, कारण नाक बंद आणि तोंडाने श्वास ही सवय नसते. स्वस्तातला मास्क आणि नळी घ्या. आधी घरी खुर्चीत बसून लावा, मग तलावात उथळ टोकाला उभं राहून चेहरा बुडवा. काही दिवसांत भीती जाते. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो. कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात उतरू नका. मिशीमुळे मास्कमध्ये पाणी शिरतं, त्यावर थोडं व्हॅसलीन लावलं की थांबतं.

विमान मुंबईहून, साधारण सहा तासांचं. घाटातली कोंडी धरून निघा.

९. प्रत्यक्ष त्या दिवशी

नाश्ता हलका करा, पण उपाशी जाऊ नका. चढताना चपला एका टोपलीत जमा करतात, बोटीवर दिवसभर अनवाणी. स्वच्छतागृह छोटं असतं आणि त्यात कागद टाकायचा नसतो. हॉटेलवरून निघतानाच सगळ्यांना आठवण करा.

मळमळणाऱ्याला मागच्या बाजूला, मध्यभागी बसवा आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगा. आत खाली जाऊन झोपल्याने जास्त त्रास होतो. पुढच्या जाळीवर हिसके आणि तुषार दोन्ही जास्त.

पोहायचं आधी, प्यायचं नंतर. बार सकाळपासून उघडा असतो आणि फुकट म्हणून ग्लास भरले जातात. स्नॉर्केलिंग संपेपर्यंत पाणी आणि सरबतावर राहा. पाण्यात जोडीनेच उतरा. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला, प्रवाह वरून दिसत नाही. प्रवाळांवर उभं राहू नका, ते जिवंत असतात आणि पायही कापतात. शंख-प्रवाळ उचलून आणायला कायद्याने बंदी आहे. बॅगेत सापडले तर विमानतळावर त्रास.

परतीच्या वाटेवर बहुतेक बोटींवर खलाशी सेगा वाजवतात. गुलामांच्या वस्त्यांतून आलेलं हे संगीत २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. नाचायला बोलावलं तर उठा, सगळेच नाचतात. आणि आपण महाराष्ट्रातून आलोय असं सांगून बघा. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचा मराठी समाज आहे, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. बोटीवर किंवा गाडीच्या चालकांत एखादं आडनाव ओळखीचं निघतं.

चारच्या सुमारास बोट परत येते. टीप सक्तीची नाही, पण शाकाहारी पान वेगळं वाढणाऱ्या आणि आजींना हात धरून उतरवणाऱ्या खलाशांना ती जरूर द्या, रोख, सगळ्यांच्या मिळून एका डब्यात. त्या संध्याकाळी दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवू नका. हॉटेलवर आल्यावर मास्क, बूट आणि मोबाइलची पिशवी गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर खारटपणाने रबर कडक होतं. पाठीवर लाली दिसली तर कोरफडीचा गर लावा आणि दुसऱ्या दिवशी समुद्र टाळून पोर्ट लुईचा बाजार किंवा शामारेलचा डोंगराळ भाग करा.